संचालक वहिनींच्या खुर्चीवर कोण बसतं? संस्थेत बायकांचा कारभार खरा करायचा असेल तर कुठून सुरुवात करायची

आधीच सांगतो, मी बरीच वर्षं गावच्या दूध संस्थेत सचिव होतो आणि नंतर एका पतसंस्थेत मॅनेजर, त्यामुळं खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं माझ्याच चुकांवरनं आलंय. अजेंडा काढायचा, शिपायाकडं द्यायचा, आणि संचालक वहिनींचा अजेंडा असला की शिपाई रस्त्यात त्यांचे मालक, म्हणजे नवरा, भेटले तर त्यांच्याच हातात देऊन त्यांचीच सही घेऊन यायचा. हे वर्षानुवर्षं चाललं आणि मला त्यात कधी काही खटकलंच नाही. एकदा ऑडिटरनं विचारलं, ह्या बाईंची सही तीन ठिकाणी तीन प्रकारची कशी काय, तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.

तर हा लेख सचिव, मॅनेजर, चेअरमन यांच्यासाठी आहे. संचालक झालेल्या बायकांनीही वाचावा, पण मुख्य रोख आपल्यावर आहे, कारण संस्थेचा रोजचा कारभार कसा चालतो ते आपल्याच हातात असतं.

कायद्याचं दोन ओळीत. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात संचालक मंडळावर बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीत हे आलं, मग २०१३ ला राज्याच्या कायद्यात बसवलं. पुढं २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या घटनादुरुस्तीतला राज्यातल्या संस्थांना लागू होणारा भाग रद्द केला, तेव्हा आमच्याकडं एक चेअरमन खुश होऊन म्हणाले की आता बायकांच्या जागा गेल्या. गेल्या नाहीत, राज्याच्या कायद्यातलं कलम तसंच आहे. म्हणजे जागा आहेत, त्या भरतातही, बहुतेक ठिकाणी बिनविरोध भरतात. अडतं ते त्याच्या पुढं.

आधी रजिस्टर काढा आणि मोजा

भाषण नको, महिला दिनाचा बॅनर नको, पहिल्यांदा सभासद नोंदवही काढा, म्हणजे आय नमुना, आणि सभासदांची जे नमुन्यातली यादी. एक वही घ्या आणि प्रत्येक खात्यासमोर चार गोष्टी लिहा: सभासद म्हणून नाव कुणाचं, सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन कोण येतं, दहा दिवसांचं बिल कुणाच्या बँक खात्यात जातं, आणि जनावराची उस्तवार घरात कोण करतं. शेवटचं रजिस्टरमध्ये नसतं पण गावात सगळ्यांना माहीत असतं, शिपायाला विचारा, तो सांगेल.

समजा दोनशे खाती आहेत. तुम्हाला दिसेल की वैरण आणणारी, शेण काढणारी, धार काढणारी, दुधाचा कॅन घेऊन डेअरीत रांगेला उभी राहणारी बाई, आणि खातं, शेअर, रिबेट, मत सगळं नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. काही खाती तर वारलेल्या सासऱ्याच्या नावावरच चालू असतात. पतसंस्था असेल तर वेगळी मोजणी करा: कर्जदार किती बायका, जामीनदार किती बायका. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की मजा दिसते, जामीनदार म्हणून बाई चालते, तिच्या अंगठ्याला किंमत आहे, पण कर्ज मागायला आली की आपण पहिलं विचारतो, मालक कुठं हायत?

ही वही पुढं सगळ्यात उपयोगी पडते. मंडळापुढं "महिलांचा सहभाग वाढवला पाहिजे" म्हणून काही होत नाही, सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय घेतात. पण "आपल्याकडं इतक्या खात्यांचं दूध बायका घालतात आणि त्यातल्या एवढ्याच सभासद आहेत" असं म्हटलं की कुणीतरी विचारतं, खरं का काय?

आपल्या तोंडातली वाक्यं तपासा

हे सगळ्यात अवघड आहे म्हणून इथं जरा थांबतो. मॅनेजर लोकांचा दृष्टिकोन कुठल्या सर्व्हेत सापडत नाही, कारण फॉर्मवर विचारलं की आम्ही सगळे समानतेच्याच बाजूचे असतो, तो सापडतो रोजच्या बोलण्यात. मी स्वतः बोललेली आणि ऐकलेली काही वाक्यं घ्या.

"बायकांना वेळ नसतो." वेळ नसतो हे खरंच आहे, पण मग आपण सभा कधी ठेवतो? संध्याकाळचं संकलन झाल्यावर, साडेआठला. तेव्हा तिच्या चुलीवर भाकरी असते. म्हणजे वेळ आपणच असा काढलाय की तिला जमूच नये, आणि परत तिलाच वेळ नाही म्हणायचं.

"वसुलीला बाई कशी पाठवायची?" हे पतसंस्थेतलं आवडतं वाक्य. मी पण म्हणायचो. खरी गोष्ट अशी की गावागावात बचत गटाची वसुली बायकाच करतात आणि ती चांगली होते, कारण त्या दर महिन्याला एकमेकींच्या दारात जातात. आपली वसुली मार्चला जीप काढून दंगा करायची, तिला बाई चालत नाही हे बरोबर, पण ती वसुलीची पद्धतच मुळात धड आहे का हा प्रश्न आधी विचारा ना.

"कॅशला बाई बरी, प्रामाणिक असते." हे वाक्य कौतुकाचं आहे म्हणून ते पकडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रामाणिक म्हणून कॅश काउंटर, गोड बोलतात म्हणून ठेवी गोळा करायला, पण कर्ज मंजुरीच्या टेबलावर नको, कारण तिथं "व्यवहार कळावा लागतो". कौतुक करून एका खुर्चीत बसवून ठेवायचं. माझ्या हाताखाली एक बाई बारा वर्षं कॅशियर होत्या, शाखेतल्या कुठल्या कर्जदाराची काय लायकी आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, कारण हप्ता भरायला कोण कसं येतं हे त्या रोज बघत होत्या. त्यांना कर्ज समितीत एकदाही बसवलं नाही. त्यातली दोन थकलेली कर्जं त्यांना विचारून दिली असती तर दिलीच नसती.

आणि शेवटचं, "त्यांनाच नको असतं." हे कधी कधी खरं असतं. पण सहीपुरतं बोलावून घेतलेल्या माणसाला रस कसा वाटणार, पुरुषालाही वाटणार नाही.

हे करून बघा: एक महिना टेबलाच्या खणात छोटी डायरी ठेवा आणि आपण बाई सभासदाशी, बाई कर्मचाऱ्याशी जे बोललो ते जसंच्या तसं लिहा, कुणाला दाखवायचं नाही. महिन्याअखेरीला वाचताना जरा लाज वाटेल, वाटू द्या.

सभासद करून घ्या, पण उपविधी वाचून

सभासदच नाहीत तर संचालक कुठनं येणार. मग होतं काय, दोन राखीव जागांसाठी ज्या चारदोन बायका सभासद असतात त्या चेअरमनच्या नाहीतर पॅनलप्रमुखाच्या घरातल्याच असतात.

विकास सोसायटीत, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या गावच्या संस्थेत, घोडं अडतं सातबाऱ्यावर. जमीन नावावर नाही म्हणून सभासद नाही, सभासद नाही म्हणून पीककर्ज नाही आणि मत पण नाही. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाबरोबर हक्क महाराष्ट्रानं १९९४ ला दिला, केंद्रानं २००५ ला, पण बहीण माहेरी आली की हक्कसोडपत्रावर सही करून साडी घेऊन जाते हे आपण सगळे बघतोच. बायकोचं नाव नवऱ्याच्या हयातीत सातबाऱ्यावर लावण्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे, मुळात ती शेतकरी संघटनेची, शरद जोशींची मोहीम. सोसायटीच्या गट सचिवानं एवढं जरी केलं की कर्जाच्या फॉर्मसोबत ह्या अर्जाची माहिती दिली आणि तलाठ्याकडं कुठली कागदं लागतात त्याचा कागद भिंतीवर लावला, तरी वर्षाला चार-पाच नावं लागतात. सगळे लावणार नाहीत, भावकीत वाद आहे म्हणतील, सोडून द्या, जे लावतात त्यांचं आधी करा.

दूध संस्थेत जमिनीचा प्रश्न नाही, तरीही एक खाच आहे आणि ती कुणी सांगत नाही. बहुतेक उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, मतासाठी वर्षाला अमुक दिवस किंवा अमुक लिटर दूध घातलेलं पाहिजे अशी अट असते. आता घरात दोन म्हशी, नवरा सभासद, आणि तुम्ही उत्साहात बायकोलाही सभासद केलं आणि दूध दोन कोडवर, म्हणजे दोन खात्यांवर, वाटलं, तर वर्षअखेरीला दोघांचंही लिटर भरत नाही आणि दोघांचंही मत जातं, मग घरात भांडण आणि शिव्या सचिवाला! म्हणून आधी अट बघा. घरात दूध जास्त असेल तर दोन कोड, कमी असेल तर नवरा-बायको दोघांना समोर बसवून विचारा की खातं तिच्या नावावर करायचं का. बरेच जण नाही म्हणतात. जे म्हातारे सभासद आहेत किंवा जे बाहेरगावी नोकरीला आहेत त्यांच्याकडं होकार लवकर मिळतो, तिथनं सुरू करा. वारसाची प्रकरणं पडून असतील ती पण काढा, वारस म्हणून मुलाचं नाव आपोआप लिहायची सवय मोडा, विधवा आईला विचारा.

शेअरची रक्कम एकदम जड जात असेल तर तिच्या लेखी संमतीनं बिलातनं थोडी थोडी कापा आणि पूर्ण झाली की सभासद करा. आणि बिल तिच्या स्वतःच्या बँक खात्यातच गेलं पाहिजे, यात तडजोड करू नका, नाहीतर नुसतं नाव बदललं, बाकी जैसे थे.

सभा: वेळ, जागा, कागद

वेळ बायकांना विचारून ठरवा. आमच्याकडं दुपारी बाराची वेळ जमली, सकाळचं सगळं आवरलेलं असतं, संध्याकाळच्या धारेला अवकाश असतो. भांगलणीच्या दिवसात तीही जमत नाही, तेव्हा परत विचारा. जागा संस्थेचं ऑफिसच. चेअरमनच्या घरी नको, मळ्यातल्या खोलीवर नको आणि धाब्यावर तर नकोच नको, जिथं अर्धे निर्णय होतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात फक्त लिहिले जातात.

अजेंडा तिच्याच हातात. घरी कुणी नसेल तर परत जायचं, मालकांकडं द्यायचा नाही. शिपायाला हे पटायला आमच्याकडं तीन महिने लागले. अजेंड्याबरोबर साधा एक पान कागद द्या, विषय काय आहे, किती पैशाचा आहे, काय ठरवायचंय. हा कागद पुरुष संचालकांनाही द्या, त्यांनाही ताळेबंद कळत नसतो, फक्त ते तसं दाखवत नाहीत.

बसायची जागा म्हणाल तर गोल बसा. टेबलाच्या एका बाजूला चेअरमन, व्हाईस चेअरमन आणि दाराजवळच्या दोन खुर्च्यांवर वहिनी, असं बसवलं की त्या चहा आला का बघायला उठतातच. चहा शिपाई देईल.

मालकांना बाहेर कसं बसवायचं

सरपंचपती सगळ्यांना माहीत आहेत, आपल्याकडं संचालकपती असतात. थेट "तुम्ही बाहेर जा" म्हणालात तर भांडण होणार आणि त्याचा त्रास घरी गेल्यावर तिला होणार, हे विसरू नका. म्हणून नियम सगळ्यांसाठी करा. पहिल्याच सभेत ठराव घ्या की संचालक, सचिव आणि मंडळानं बोलावलेला माणूस यांच्याशिवाय सभेत कुणी बसणार नाही. मग म्हाताऱ्या संचालकांबरोबर येणारा मुलगाही बाहेर, पॅनलचा कार्यकर्ताही बाहेर. दारात मालक आले की, "आण्णा, ठरावच झालाय, मला प्रोसिडिंगला अडचण येते, ऑडिटर विचारतो, तुम्ही पलीकडं बसा, चहा पाठवतो." ऑडिटरचं नाव घेतलं की लोक ऐकतात. मी तर ह्या कामात ऑडिटरचा वापर त्यांच्या फीपेक्षा जास्त केलाय.

तरी नाही ऐकलं तर त्यांना कायदा दाखवा. मंडळाच्या निर्णयांना सगळे संचालक एकत्रित आणि वैयक्तिक जबाबदार असतात. उद्या चौकशी लागली, कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवायची वेळ आली, तर वसुलीची नोटीस मालकांच्या नावानं येणार नाही, वहिनींच्या नावानं येणार. नवऱ्यानं कुठं होकार दिला ते तिला माहीतच नाही आणि पैसे भरायचे तिनं. हे मी एका घरात सासऱ्यांसमोर शांतपणे समजावून सांगितलं, आणि पुढच्या सभेला सासरेच म्हणाले, "सूनबाई, नीट वाचून सही कर."

प्रोसिडिंग बुक घरी जाणार नाही

प्रोसिडिंग बुक म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायची वही. सह्यांसाठी ती घरोघर फिरवणं बंद, एकदम बंद. सभेला आली तर सही, नाही आली तर गैरहजर लिहा. पहिल्या दोन-तीन सभांना गणपूर्तीचा घोळ होईल, होऊ दे.

ठराव लिहिताना सूचक-अनुमोदक कोण हे बघा. आमच्या जुन्या प्रोसिडिंगमध्ये बायकांची नावं फक्त दुखवट्याच्या आणि अभिनंदनाच्या ठरावाला अनुमोदक म्हणून होती, सहा वर्षांत खरेदीच्या एका ठरावावर नाही. आता तिनं काही विचारलं तर ते लिहा, तिचा विरोध असेल तर नावासह लिहा. विरोध लिहिला तर ती जबाबदारीतनं सुटू शकते हे तिला सांगणंही सचिवाचंच काम आहे, सांगायला आपल्याला जड जातं ते वेगळं.

काम कुठलं द्यायचं

हळदीकुंकू, आरोग्य शिबिर, रांगोळी स्पर्धा, बास, एवढ्यावर बायकांचा विषय संपतो. तसं करू नका. खरेदी, कर्ज, नोकरभरती, वसुली या समित्यांपैकी निदान एकीत प्रत्येक बाई संचालक पाहिजे. दूध संस्थेत मी पशुखाद्याची खरेदी सुचवेन, कारण त्यात त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं, पेंडीचं पोतं उघडल्याबरोबर वास घेऊन सांगतात की माल जुना आहे. दुसरं काटा आणि फॅट मशीन. महिन्यातनं एकदा संचालक वहिनींसमोर काटा तपासायचा आणि फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) कसं निघतं, त्यावरनं दर कसा बसतो ते हातानं करून दाखवायचं. रांगेतल्या बायका मग त्यांनाच येऊन विचारायला लागतात, कारण आपल्याला विचारायचा त्यांचा धीर होत नव्हता.

"शिक्षण नाही हो त्यांचं" असं कुणी म्हणालं तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट सांगा. माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ ला सुरू झाली, त्याआधी लायसन्सचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा सांगतात की त्या बायका लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला व्याजाचा हिशोब घाला, आम्ही तोंडी करून दाखवतो. लायसन्स मिळालं. आपल्या गावात तर आता बचत गटातल्या बायका आहेत, माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) नाहीतर उमेदच्या (ग्रामीण जीवनोन्नती अभियान), त्या दर महिन्याला वही लिहितात, बँकेत जातात, कर्ज वाटतात. नवीन संचालक शोधायच्या तर तिथं शोधा. त्या कुठल्या पॅनलच्या घरातल्या नसतात, म्हणूनच त्यांचं नाव कुणी घेत नाही.

कायद्यात सभासद, संचालक, कर्मचारी यांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्याला जाताना दोघींना एकत्र पाठवा, एकटीला घरातनं सोडत नाहीत. आणि जाण्यायेण्याचा भत्ता तिच्याच हातात द्या.

कर्मचारी

थोडक्यात सांगतो. ऑफिसात बायकांसाठी वेगळं आणि आतनं कडी लागणारं संडास-बाथरूम नसेल तर बाकी सगळं बोलायचं सोडून आधी ते बांधा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती लागते, सहकारी संस्थांनाही लागते. अध्यक्ष वरिष्ठ बाई कर्मचारी, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरचा. नावं भिंतीवर लावा आणि त्यात चेअरमनची नातेवाईक घालू नका. बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवडे आहे हे मॅनेजरला माहीत असलं पाहिजे, मुलाखतीत "लग्न कधी करणार" विचारणं बंद झालं पाहिजे. प्रमोशनच्या वेळी "बदली जमणार नाही त्यांना" असं आपणच ठरवून नाव गाळतो, एकदा विचारून तरी बघा. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा करणाऱ्या बायका असतील तर संध्याकाळी रोख पैसे घेऊन एकटीनं फिरायला लागू नये असा मार्ग आखून द्या, तो पुरुष एजंटलाही बरा पडतो.

ठराव कुणाच्या नावानं

हे शेवटी ठेवलं कारण इथं खरी परीक्षा आहे. वरच्या दूध संघाच्या निवडणुकीला प्रत्येक संस्थेचा एक माणूस मतदार म्हणून जातो, त्याचा ठराव करायचा असतो, आणि त्या ठरावासाठी गावात काय काय चालतं ते इथं लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. नावाला "महिला दूध संस्था" म्हणून कितीतरी संस्था काढल्या गेल्या त्या गावात अजून एक ठराव हातात यावा म्हणून, बोर्डावर सगळ्या बायका आणि कारभार एका खोलीत बसून एक माणूस बघतो. तुमची संस्था तसली असेल तर वरचं निम्मं तुम्हाला लागू नाही, आधी शिक्का आणि चेकबुक कुणाच्या कपाटात आहे ते बघा आणि ते चेअरमन बाईंच्या ताब्यात द्या.

बाकी ठिकाणी ठरावाची वेळ आली की बाई संचालकाचं नाव निदान चर्चेत तरी आणा. आमच्याकडं मी आणलं, सगळे हसले, एकानं विचारलं, "सचिव, तुम्हाला काय बाधा झाली का?" नाव पडलं. प्रोसिडिंगमध्ये मात्र लिहिलं की नाव सुचवलं होतं, सूचक कोण आणि मतं किती. पुढच्या पाच वर्षांनी मी तिथं नव्हतो, पण ती वही होती, आणि ह्या वेळी नाव त्या वहिनींनी स्वतःच सुचवलं, स्वतःचं.

वर्ष झालं की सुरुवातीची चार रकान्यांची वही परत काढा आणि त्याच खात्यांसमोर नवीन शाईनं लिहा. जिथं काहीच बदललं नाही त्या खात्याला फुली मारा आणि त्या घरी स्वतः जा, सकाळी नको, धारेची वेळ असते.